बिनशेपटीचा सौदा

मी काच बोलतेय. आरशाची नव्हे, ती माणसाला त्याचंच तोंड दाखवून खूश ठेवते. मी गाब्रोव्होच्या लोकरी गिरणीतली, धागे मोजायची काच. पितळेच्या तीन पानांची माझी घडी. ती उघडून कापडावर ठेवायची, वरून डोळा लावायचा, की खालच्या चौकोनात उभे धागे किती, आडवे किती, सगळं उघडं पडतं. मी शाळेत गेले नाही. चाळीस वर्षं लोकांच्या कापडातली खोट काढली आणि पुढे छापील अक्षरांवर बसून बसून वाचायला शिकले. हे मी मिरवून सांगते, कारण ते मिरवण्यासारखं आहे.

मला वापरणारी डोब्रिना, गिरणीची तपासनीस. पंधराव्या वर्षी मागावरचा धोटा उडून तिच्या डाव्या डोळ्याला लागला. तेव्हापासून त्या डोळ्याला उजेड आणि अंधार, एवढंच कळे. सगळी मदार उजव्यावर. त्या एका डोळ्यानं तिनं अख्खं खातं रडवलं. धागा कमी भरला की ठाण परत आणि आठवड्याची मजुरी कापलेली.

एकदा केरा नावाच्या विणकरणीचं ठाण तिनं सगळ्यांसमोर परत केलं. केरा म्हणत राहिली, पुन्हा मोज. डोब्रिनानं मोजलं नाही. त्या दिवशी मला लोकरीचं तूस चिकटलं होतं, दोन धाग्यांचा एक दिसत होता. केराचं कापड बिनखोट होतं. मला ठाऊक होतं, पण काचेला कोण विचारतं?

गिरणी बंद पडली, माग भंगारात गेले. डोब्रिनानं मला खिशात घालून घरी आणलं. चोरीच ती. आणि नशिबाचा वाह्यातपणा असा, की समोरच्या दारात राहायला आली केरा. दोघी विधवा, दोघी सत्तरीच्या पुढच्या. रोज सकाळी जिन्यात एकमेकींची कॉफी पीत आणि एकमेकींना सोलून काढीत.

आमच्या गावाची कंजुषी साऱ्या बल्गेरियात गाजलेली. इथे म्हणे बोक्याचं शेपूट कापतात. शेपूट आत येईस्तोवर दार उघडं राहतं आणि शेकोटीची ऊब वाया जाते. लोक हसतात. डोब्रिना हसत नसे. तिला तो शहाणपणा वाटे.

तिची पुंजी नऊ हजार लेवा. बँकेत ती कुजतेय म्हणून तिनं शेअरमध्ये घालायची ठरवली. फोनवरून गुंतवणूक करून देणाऱ्या कंपन्या ढीगभर. तिनं तीन कंपन्यांच्या अटी वाचनालयातून छापून आणल्या, टेबलावर पसरल्या आणि मला वर ठेवलं. वहीत रकाने आखले: दलाली किती, युरोचे लेवा करताना बट्टा किती, पैसे काढायला किती घेतात, विकल्यावर सौदा पुरा होऊन पैसे हाती पडायला दिवस किती. तीन आठवडे आम्ही दोघी त्या मुंग्यांएवढ्या अक्षरांवर वाकलो. इतकं सुखाचं काम मला गिरणीनंतर मिळालं नव्हतं.

केरानं मात्र काही न वाचता मधली कंपनी धरली. ती कंपनी सौदा पुरा व्हायच्या आधीच पैसे हातात ठेवी आणि त्याचे चोवीस लेवा घेई.

"स्वतःच्याच पैशाला लवकर भेटायला तिकीट काढतेस?" डोब्रिना म्हणाली. "केरा, तुझ्या बोक्याचं शेपूट दारात अडकलंय."

डोब्रिनानं तिसरी घेतली. दलाली शून्य, काढणावळ शून्य. दिवसांच्या रकान्यात कंपनीची ओळ तिनं मोठ्यानं वाचली: कामाचे दोन दिवस, शनिवार-रविवार आणि वेलिकडेनच्या सुट्ट्या सोडून. वेलिकडेन म्हणजे मोठा दिवस, ईस्टर. डोब्रिनानं भिंतीवरच्या देवळाच्या कॅलेंडरकडे पाहिलं आणि पान उलटलं. मी त्या शब्दावरच बसले होते. मी तो पाचपट मोठा करून दाखवला होता. पण वेलिकडेन कुणाचा, हे मोठं करून दिसत नाही.

वसंत आला. एका गुरुवारी सकाळी तिच्या उजव्या डोळ्याच्या कोपऱ्यात काळा पडदा उतरला. डॉक्टरनं डोळ्यात औषध घालून पाहिलं.

"आजी, आतला पडदा सुटतोय. मध्यापर्यंत सुटायच्या आत शिवला तर नजर राहील. आठवडा धरा. त्यापुढे माझा शब्द नाही."

सरकारी इस्पितळात नंबर सणानंतरचा. प्लोव्हदिवच्या खासगी दवाखान्यानं पुढच्या गुरुवारची वेळ दिली: तीन हजार सहाशे लेवा, आधी भरायचे. डोब्रिनानं दुपारीच शेअर विकले आणि बोटांवर मोजलं. शुक्रवार एक, सोमवार दोन. मंगळवारी पैसे काढायचे, बुधवारी बँकेत. आपला वेलिकडेन तर त्याच्याही पुढच्या रविवारी. ती निवांत झोपली.

रविवारी वाळुंजीच्या डहाळ्यांचा सण होता, ईस्टरच्या आधीच्या रविवारचा. केरा डहाळी घेऊन आली. डोब्रिनानं फोन तिच्यापुढे धरला. पडद्यावर कंपनीनं ईस्टरची रंगीत अंडी आणि ससा काढला होता.

"बघ गं या गाढवांना," डोब्रिना म्हणाली. "आठवडाभर आधीच सण करतायत."

"त्यांचा आजच आहे," केरा म्हणाली. "पोपला मानणाऱ्या देशांचा. तुझी कंपनी तिकडचीच, त्यांची तारीख वेगळी. परवा शुक्रवारी त्यांचं सगळं बंद होतं, उद्याही बंद."

डोब्रिनानं वही ओढली, मला ओळीवर ठेवलं. पडदा आता निम्म्यावर आला होता, मान वाकडी करून वाचावं लागत होतं. मंगळवार एक, बुधवार दोन. गुरुवारी काढायचे. शुक्रवारपासून सोमवारपर्यंत आपल्या बँका बंद, आपल्या वेलिकडेनला. म्हणजे त्याच्या पुढचा मंगळवार. वहीवरचं तिचं बोट तिथेच राहिलं. शून्य दलालीच्या रकान्याला तिनं लाल शाईनं दुहेरी चौकट काढलेली होती.

केरानं तिचं तोंड पाहिलं. उठली, स्वतःच्या घरात गेली आणि लिफाफा घेऊन आली.

"चार हजार आहेत. व्याज नको, कागद नको. एक वाक्य म्हण फक्त. म्हण, केरा, तुझं बरोबर होतं, माझं चुकलं."

"शेअरचं?"

"ठाणाचं."

मला वाटलं, म्हणेल. साऱ्या कंपन्यांचे दर तिला पाठ होते. याहून स्वस्त सौदा कुठेच नव्हता. डोब्रिनानं मान वर उडवली, आमच्याकडे नाही म्हणतात तशी.

"मी मोजलं होतं," ती म्हणाली.

केरानं लिफाफा पिशवीत घातला. ती तशीच देऊ शकली असती, हे मी लिहून ठेवते. दोघींनी मिळून एक डोळा घालवला.

दवाखान्यानं पैशाविना वेळ धरून ठेवली नाही. सणानंतरच्या बुधवारची दिली. वेलिकडेनच्या सकाळी केरा नेहमीप्रमाणे लाल अंडं घेऊन दारात उभी. अंड्यावर अंडं आपटायचं. ज्याचं शाबूत राहील, वर्षभराचं आरोग्य त्याचं. डोब्रिनानं नेम धरला, हात केराच्या अंड्याच्या बाजूनं गेला आणि तिचं स्वतःचं अंडं दाराच्या चौकटीवर फुटलं.

"फुटलं," केरा म्हणाली. "आरोग्य माझं."

मंगळवारी पैसे आले. सगळे आले, एक लेवाही कापला गेला नव्हता. बुधवारी पडदा शिवला. शिवण उत्तम झाली, म्हणाले. मधली नजर मात्र मेली होती.

आता मी टेबलावर असते, न उघडलेल्या पत्रांच्या गठ्ठ्यावर. महिन्यातून एकदा केरा येते, मला हातात घेते, एक पत्र समोर धरते आणि वाचायच्या आधी म्हणते, "म्हण." डोब्रिना म्हणत नाही. केरा मला खाली ठेवून जाते. पत्रं वाढताहेत.

परवा केरा गेल्यावर दार लागलं. डोब्रिनानं टेबल चाचपलं, मला शोधलं, माझी तिन्ही पानं उघडली आणि जुन्या सवयीनं मेलेला डोळा माझ्यावर लावला. मग हळूच, स्पष्ट म्हणाली, "केरा, तुझं बरोबर होतं. माझं चुकलं."

ऐकायला मी एकटी होते.

तुम्ही हे वाचताय, म्हणजे तुमचे डोळे शाबूत आहेत. फुकट काय मिळतं ते खुशाल मोजा, पण दिवस कुणाच्या कॅलेंडरचे ते आधी विचारा. आणि कुणाचं देणं एका वाक्याचं असेल, तर ते माणूस दारात उभं आहे तोवर फेडा. माझ्यापाशी बोलून उपयोग नाही. मी दाखवते फक्त, सांगत नाही.