सकाळचा पहिला ब्रेक

"हे रोजच्या गाडीचे नाय, शेठ," जिव्या म्हणाला आणि त्याने नवा ब्रेक पॅड परत खोक्यात ठेवला.

चिरागने तो पुन्हा बाहेर काढून त्याच्या हातात दिला. "वीस दिवस वाट बघून मागवलेत. बसव."

बोईसरला औद्योगिक वसाहतीच्या रस्त्यावर चंद्रभानचं गॅरेज होतं. जिव्या तिथे बावीस वर्षं फक्त ब्रेकचं काम करत होता. गाडी फाटकातून आत येतानाच तो सांगायचा, पुढचा डावा संपलाय. पन्नाशीला आला होता तरी सगळे त्याला जिव्याच म्हणत. चिराग त्याच्या निम्म्या वयाचा. चिंचणीच्या चिकूवाडीवाल्यांचा मुलगा, पण आता बेटेगावात नव्या इमारतीत राहायचा आणि तिथून वसाहतीतल्या कंपनीत कामाला जायचा. वर्षातून तीन-चारदा तो आणि त्याचे मित्र गुजरातेत एका जुन्या धावपट्टीवर आपापल्या गाड्या पळवायला जात. मागच्या खेपेला चौथ्या फेरीत त्याचा ब्रेकवरचा पाय खालीच जात राहिला आणि गाडी गवतात शिरली. मित्रांनी त्याचा व्हिडिओ सगळीकडे फिरवला होता.

"रस्त्याचा पॅड गार असतानाच धरतो," जिव्या म्हणाला. "लय तापला की सोडतो. ह्याचं उलटं हाय. तापला की असा धरील की तुमी सीटवरून पुढं याल. पण गार असला की घसरतो. सकाळचा पयला ब्रेक नीट लागायचाच नाय."

"मग मी काय करू? परत गवतात जाऊ?"

"दोन जोड ठेवा. तिथं पोचलात की हे घाला, निघताना घरचे घाला. मी शिकवतो, पंचवीस मिनटांचं काम. नायतर दोन्हीच्या मधला पॅड येतो, वर्सातून तीनदा जाणाऱ्याला पुरतो तो. नि ब्रेकचं तेल बदला. तुमचा पाय खाली गेला तो तेल उकळून."

चिरागने शांतपणे ऐकून घेतलं. मग विचारलं, "जिव्या, तू कधी दीडशेच्या वर गाडी चालवलीयस?"

"नाय."

"शंभरच्या वर?"

जिव्याकडे सायकल होती. चंद्रभान हसला, ऑइल बदलायला आलेली दोन गिऱ्हाइकंही हसली.

"बसव रे," चंद्रभान म्हणाला. "गाडी त्यांची, पॅड त्यांचे. तुझ्या काय बापाचं जातं?"

जिव्याने पॅड बसवले. गाडी घेऊन तो फाट्यापर्यंत गेला. पहिला ब्रेक दाबला तेव्हा गाडी थांबायला हवी त्या जागेच्या दोन गाड्यांच्या अंतराइतकी पुढे जाऊन थांबली. परत येताना पाच-सहा वेळा दाबून पॅड तापवले, तशी ती जागच्या जागी खिळायला लागली. किल्ली देताना तो म्हणाला, "सकाळी निघालात की पयला एक किलोमीटर सावकास जा. चार-पाच वेळा दाबा, मग पळवा. नि पट्टीवरनं आलात की गाडी घेऊन या, जुने घालून देतो."

चिराग रविवारी धावपट्टीवर जाऊन आला. सोमवारी त्याने गॅरेजात पेढे पाठवले. मित्रांत तो दुसरा आला होता. गाडी मात्र आली नाही. जिव्याने दोनदा फोन केला. दुसऱ्या फोननंतर चंद्रभानने त्याला आत बोलावलं. "चिरागशेठ विचारत होते, तुमचा माणूस रोज रोज का मागे लागतो? गिऱ्हाईक तोडशील माझं."

तिसरा फोन त्याने केला नाही.

जानेवारीतल्या एका गुरुवारी, सकाळी पावणेसातला, जिव्याची थोरली बहीण नवसी पहिल्या पाळीला निघाली होती. ती वसाहतीतल्या एका कारखान्यात झाडू मारायची. बेटेगावच्या वळणावर ती निम्मा रस्ता ओलांडून गेली होती, तेव्हा तिला चिरागच्या गाडीची धडक बसली. गाडी घरातून निघून अर्धा किलोमीटरही आली नव्हती.

जिव्या दवाखान्यात पोचला तोवर तिला आत नेलं होतं. चिराग जिन्याशी उभा होता. त्याच्या शर्टाला रक्त लागलं होतं. जिव्याला पाहून तो जवळ आला.

"ब्रेक लागलेच नाहीत रे," तो म्हणाला. "मी पूर्ण दाबला होता." मग त्याने विचारलं, "तू इथे कसा?"

"माझी बहीण हाय."

चिरागने त्याचा दंड धरला. "पॅडचं कुणाला बोलू नकोस. तूच अडकशील."

नवसीचा डावा पाय गुडघ्याखाली कापावा लागला. दुसऱ्या दिवशी शुद्धीवर आल्यावर ती पहिलं हेच बोलली, "माजंच लक्ष नवतं. त्या पोराचा काय दोस नाय. त्यानंच उचलून आणलं मला. आपल्या गाडीत, गादीवर निजवून. कोन करतो असं?" सलाइन लावलेला हात तिने कपाळाला टेकवला. "लय जगो तो, त्याला म्हातारपन येवो."

त्या दुपारी गाडी तपासायला आरटीओचा साहेब आला. जिव्याही पोलीस चौकीच्या अंगणात जाऊन उभा राहिला. साहेबाने गाडी माणसाच्या चालीने पाच-सात हात पुढे घेतली, ब्रेक दाबला, गाडी थांबली. खाली वाकून त्याने पॅड पाहिले. "नवेच आहेत की. महागातले दिसतात. ब्रेक उत्तम."

"साब," जिव्या म्हणाला, "रातभर उभी ठेवा नि पहाटे रस्त्यावर नेऊन बगा. गार असताना हे पॅड धरत नाय."

साहेबाने हवालदाराकडे पाहिलं. हवालदाराने विचारलं, "बसवले कुणी?"

"मी."

"धरत नाहीत हे ठाऊक असून?"

"व्हय. मी सांगितलं व्हतं त्यांना."

"कुणासमोर?"

जिव्याने चंद्रभानचं नाव घेतलं. हवालदाराने तिथूनच फोन लावला, दोन मिनिटं बोलला आणि ठेवला. "तुझा मालक म्हणतो, असं काही बोलणं झालं नाही. आता सांग, काय लिहू? भावाने मुद्दाम खराब ब्रेक बसवले आणि बहीण चिरडली, असं लिहू?"

"लिवा," जिव्या म्हणाला. "पन पॅडचं लिवा."

हवालदाराने वही मिटली. "घरी जा. बहिणीजवळ बस."

कागदावर लिहिलं गेलं की बाई अचानक आडवी आली आणि वाहनाचे ब्रेक सुस्थितीत होते.

दहा दिवसांनी बंपर बदलायला गाडी गॅरेजात आली. चिराग आत आला नाही. त्याने चंद्रभानकरवी निरोप दिला: घरचे पॅड घाला, आणि हे नीट गुंडाळून ठेवा, मार्चमध्ये लागतील. जिव्याने चारही चाकं उतरवली आणि पॅड बदलले. पंचवीस मिनिटं लागली.

त्या संध्याकाळी तो नवसीकडे गेला. दवाखान्यातून तिला सोडून दोन दिवस झाले होते. कारखान्याने तिच्या जागी दुसरी बाई लावली होती. ती भिंतीला पाठ टेकून उजवा पाय आणि अर्धा डावा पाय लांब करून बसली होती.

"बाय," जिव्या म्हणाला, "तुजं काय चुकलं नवतं."

त्याने सगळं सांगितलं. संपल्यावर तिने विचारलं, "तुला ठावं व्हतं, सकालचा धरत नाय?"

"व्हय."

"नि तू लावलास?"

"चंद्रभान बोलला..."

"चंद्रभानला मी इचारत नाय."

"लावला."

"मी त्या रस्त्यानं रोज जाते ते ठावं व्हतं?"

जिव्याने होकारार्थी मान हलवली. आई गेली तेव्हा तो चार वर्षांचा होता आणि नवसी अकराची. तिने त्याला कडेवर घेऊन वाढवलं होतं. तो या घरात कधी दार वाजवून आला नव्हता, भूक लागली की स्वतः भाकरी वाढून घ्यायचा.

नवसीने दोन्ही हात जमिनीवर टेकले. तो उठवायला पुढे झाला तसा तिने त्याचा हात बाजूला केला. हातांवर रेटत, बूड सरकवत ती मडक्यापर्यंत गेली. मधे एकदा थांबली, दात आवळून श्वास घेतला. मग तांब्या विसळला, भरला, आणि तसाच पुढे ढकलत ढकलत त्याच्यासमोर आणून ठेवला. पदर सारखा केला.

"घ्या, पानी घ्या," ती म्हणाली.