सरळमार्गी काकांचा रिव्हर्स

नळदुरुस्तीच्या कंपनीत अठरा ट्रक होते आणि ते सगळे नव्या मॅनेजरबाईंच्या ताब्यात आले होते. सात नंबरवरचे काका ड्रायव्हरांमध्ये सगळ्यात जुने. बावीस वर्षांत गाडीला साधा ओरखडा नाही. सगळे त्यांना 'सरळमार्गी' म्हणत.

पण डिझेल सगळ्यात जास्त त्यांच्याच गाडीला लागायचं. "कुठंतरी पाणी मुरतंय," मालक म्हणाले. बाईंनी कॉम्प्युटरवर गाडीचा माग काढला, तर समोरच्या इमारतीत जायला काकांनी अख्ख्या तलावाला वळसा घातलेला! दुसऱ्या दिवशी बाई स्वतःच गाडीत चढल्या.

पहिलं काम एका बोळात होतं. काकांनी गाडी कोपऱ्यावरच लावली आणि फिटरबरोबर सगळे पाइप खांद्यावरून आत वाहिले. निघताना कचऱ्याची गाडी समोर येऊन आडवी उभी राहिली.

"थोडं मागे घ्या की, काका."

काकांनी इंजिनच बंद केलं. "जाईल ती."

वीस मिनिटं झाली, ती काही जाईना.

"काका, खरं सांगा. तुम्हाला रिव्हर्स येत नाही?"

"येतो ना. एकदा घेतला होता."

"मग?"

"इथं लागायच्या आधी. लग्नाला महिना झाला होता. नवा ट्रक दाखवायला सासुरवाडीला नेला. मागे घेताना न्हाणीघराची भिंत पडली."

"अगंबाई! आत कुणी नव्हतं ना?"

"सासरे होते." काका समोरच्या काचेतून सरळ बघत राहिले. "साबण लावून."

बाईंनी ओठ घट्ट दाबले. फिटर मात्र खिडकीबाहेर तोंड काढून खोकत सुटला.

ऑफिसात परतल्यावर बाईंनी वर्षभराचे अपघात काढले. एकूण अकरा, त्यातले नऊ गाडी मागे घेताना. काकांचा एकही नाही.

"हे घाबरतात म्हणून डिझेल जातं," त्या मालकांना म्हणाल्या, "आणि बाकीचे घाबरत नाहीत म्हणून भिंती जातात."

दोन नियम निघाले. पुढूनच बाहेर पडता येईल अशीच गाडी लावायची. मागे घ्यावीच लागली तर एकानं उतरून मागे उभं राहायचं, आणि तो आरशात दिसेनासा झाला की ब्रेक.

काकांसाठी मात्र रविवारची शिकवणी लागली. रिकामं आवार, रिकामे ड्रम, आणि मागे उभ्या राहायला खुद्द काकू.

"या, या... डावीकडे! अहो, तुमच्या डावीकडे!"

पहिल्या रविवारी चार ड्रम आडवे झाले. तिसऱ्या रविवारी एक. पाचव्या रविवारी गाडी दोन ड्रमांच्या बरोबर मधे येऊन थांबली. काका घामानं निथळत होते.

"जमलं हो! उतरा आता," काकू ओरडल्या.

"तू जरा बाजूला हो," काकांनी खिडकीतून डोकं काढलं. "अजून एकदा घेतो."

"बाजूला कशी होऊ? नियम आहे!"

आणि काकू आरशात दिसतील अशा कंबरेवर हात ठेवून उभ्या राहिल्या.