अनोळखी बाईच्या खुर्चीत लोरेटा

बाल्टिमोरच्या विद्यापीठात मी सहा वर्षं अनोळखी बाई होते. काम सोपं होतं. वर्षभराचं बाळ आईबरोबर खोलीत खेळायचं, मी येऊन खुर्चीत बसायचे, आई बाहेर जायची आणि तीन मिनिटांनी परत यायची. काचेमागे बसलेली माणसं बाळ काय करतं ते टिपायची. खोलीतल्यांना ती दिसत नसत. बाळाने मला आधी कधी पाहिलेलं नसावं, एवढी एकच अट. त्यापूर्वी तीस वर्षं मी बालवाडी चालवली होती, त्यामुळे रडक्या पोरांची मला भीती नव्हती.

टिपणाऱ्यांत मानसशास्त्राची डॉक्टरेट केलेली कोरिन सगळ्यात हुशार. नव्या विद्यार्थ्यांना ती शिकवायची, की आई गेल्यावर बाळ रडलं की नाही यावरून दोघांचं नातं ठरवू नका. आई परत आल्यावर ते जवळ येतं की तोंड फिरवतं, ते पाहा.

तिची स्वतःची मुलगी, नेल, चौदा महिन्यांची होती आणि दिवसभर लोरेटा नावाच्या बाईंकडे असायची. नेलने पहिलं पाऊल लोरेटाच्या स्वयंपाकघरात टाकलं, हे कोरिनला फोनवर कळलं. पोरीच्या केसांना लोरेटाच्या साबणाचा वास येतो म्हणून कोरिन तिला संध्याकाळी पुन्हा आंघोळ घालायची. हे तिने मला हसत सांगितलं होतं, पण मला काही हसू आलं नाही.

फेब्रुवारीतल्या एका शुक्रवारी ती म्हणाली, नवा कॅमेरा तपासायचाय, नेलला आणतेय, तुम्ही आज आराम करा. खुर्चीत लोरेटा बसेल. मी म्हटलं, अगं, लोरेटा अनोळखी कुठे आहे? कॅमेऱ्याला काय कळतंय, म्हणाली. मला कळलं. कोरिनला लोरेटाशी शर्यत लावायची होती.

कोरिन नेलला घेऊन खोलीत बसली आणि मी काचेमागे. लोरेटा कोटासकट आत आली. नेलने लगेच तिला हातातला ठोकळा दाखवला. ठरल्याप्रमाणे कोरिन उठली. नेलने तिच्याकडे पाहून हात हलवला, रोज सकाळी लोरेटाच्या दारात हलवते तसाच, आणि पुन्हा ठोकळ्यांकडे वळली. कोरिन धावत माझ्या शेजारी काचेशी आली.

"रडली का?"

"नाही. टाटा केला."

"पाहिलं मी. पाहुण्यांना करतात तसा."

आत लोरेटा चेंडू घरंगळवत होती आणि नेल खिदळत होती. नेलने लोरेटाकडे पाहिलं की कोरिन कागदावर एक रेघ मारायची. पेन्सिलीचं टोक मोडलं तेव्हा ती थांबली.

"एकोणीस वेळा," ती म्हणाली. "माझ्याकडे ती संध्याकाळभरात एकोणीस वेळा बघत नाही."

"घरीसुद्धा मोजतेस का गं?"

"मोजते."

तीन मिनिटं झाली. कोरिन जागची हलली नाही. वेळ झाली नाही अजून, असं पुटपुटली, पण घड्याळ दोघींसमोर होतं आणि चौथं मिनिट सरत आलं होतं. वर्गाच्या दाराशी अडून बसलेली पोरं मी शेकड्याने पाहिली आहेत. त्यांना ढकलायचं नसतं. मी तिच्या हातातून कागद आणि पेन्सिल काढून घेतली.

"जा आता. तू शिकवतेस तो भाग इथून पुढे आहे."

"आणि तिने तोंड फिरवलं तर?"

"तर मी तसं लिहीन. पण तू जा."

ती गेली. दार उघडताच नेलने चेंडू टाकला, डुलत डुलत आली, आईच्या स्कर्टला धरून हात वर केले. कोरिनने तिला उचलून केसांत तोंड खुपसलं. तिला हवं होतं ते सगळं तिला मिळालं होतं. दुसरी पेन्सिल घेऊन मी तसं लिहिलं.

मिनिटभराने नेल कडेवरून खाली उतरली. आईचं बोट धरून तिने तिला लोरेटापाशी ओढत नेलं आणि जमिनीवर थाप मारली. लोरेटा सरकून म्हणाली, "बसा डॉक्टरीणबाई. ही मला दिवसभर असेच हुकूम सोडते."

आमच्या तक्त्यात यासाठी रकाना नव्हता. कोरिन बसली, पण नेमकी नेल आणि लोरेटाच्या मधे, लोरेटाकडे पाठ करून. लोरेटा आणखी थोडी बाजूला झाली. नेल चेंडू घेऊन आईला वळसा घालून लोरेटाकडे निघाली. कोरिनने पोरीच्या फ्रॉकची कड धरली.

मग, माझ्या घड्याळाप्रमाणे चार सेकंदांनी, सोडली.