घोडेबुवाची खोळ

सत्यभामाबाई शाळेत शिकवत तेव्हा वर्गात साठ पोरं असत. फळ्याकडे तोंड असलं तरी मागे कोण काय करतंय ते त्यांना कळे. आता समोर दोनच होती, आणि दोघांचं मन कुठं भटकतंय ते दिसूनही बाईंना काही करता येत नव्हतं.

प्राची अकरा वर्षांची, प्रेम नऊचा. त्यांची आई अश्विनी पुण्याची नोकरी घरून करते म्हणून बीबी गावाजवळच्या या सासरच्या गावी राहायला आली होती. मुलांना तिनं शाळेत घातलंच नाही. घरी शिकवत होती. गाव तिला हसे. गणित, विज्ञान, इंग्रजी ती स्वतः पाही. इतिहास तिनं शेजारच्या बाईंकडे सोपवला होता. रोज दुपारी चारच्या त्या तासासाठी बाई जेवण झाल्या झाल्या इस्त्रीचं लुगडं नेसून ओसरीवर बसत.

पण तह, घराणी, सनावळ्या सुरू झाल्या की प्रेम चटईच्या काड्या उपसू लागे आणि प्राची सभ्यपणे जांभई गिळे.

सोमवारी अश्विनी कुंपणाशी आली. "काकू, राग नका मानू. पोरं नाही रमत तर जाऊ द्या. परीक्षेआधी मी पाठ करून घेईन. हा आठवडा पाहू, मग बंद करू."

"पाहू ना," बाई म्हणाल्या. घरात गेल्यावर त्यांनी उगाच धुतलेली भांडी पुन्हा धुतली.

दुसऱ्या दिवशी पुस्तक मिटून त्या मुलांना गावाबाहेर घेऊन गेल्या. ओढ्याच्या काठी, लिंबाखाली घोडेबुवा होता. देव म्हणजे कमरेएवढा शेंदराचा गोळा. पिढ्यान्‌पिढ्या तेल-शेंदूर थापून फुगलेला.

"याचं नाव घोडेबुवा. सांगा, घोडा कुठं आहे?"

प्रेमनं गोळ्याभोवती फेरी मारली. "नाहीच की!"

"मग नाव कशावरून पडलं?"

आज चटईच्या काड्या नव्हत्या. दोघंही बाईंच्या तोंडाकडे पाहत होती. बाईंना जुना वर्ग पुन्हा भरल्यासारखं वाटलं. त्या म्हणाल्या, "माझी आजी सांगायची, आत दगड आहे, त्यावर स्वार कोरलाय. पूर्वी कुणी गावासाठी लढून मेला की त्याच्या आठवणीचा असा दगड उभा करत. कोण होता, कुणाशी लढला, कुणालाच ठाऊक नाही."

"मग आपण शोधू या ना!" प्राची म्हणाली.

"इतिहास म्हणजे तेच तर. खरं काय घडलं ते शोधायचं, अन् सापडलं की सांगायचं."

परत येताना दोघं इतकं बोलत होती की बाईंचं पाऊलही हलकं पडत होतं.

बुधवारी तीनलाच दोघं धापा टाकत ओसरीवर आली. हात कोपरापर्यंत केशरी, प्रेमच्या मुठीत खुरपं.

"बाई, घोडा आहे! वर तलवारवाला माणूस! आणि खाली गाई आहेत, चार मोजल्या, बाकी मातीत आहेत!"

"तुम्ही... खरवडलं?"

"नाही, नुसतं खुरपं घातलं तर सगळी साल एकदम निघाली! गाईंसाठी मेला असेल ना तो बाई? चोर आले असतील?"

बाईंना त्या क्षणी आधी आनंद झाला. भीती मागून आली. त्यांनी मुलांचे हात राखेनं घासले, खुरपं पलंगाखाली सरकवलं आणि त्यांना घेऊन ओढ्याकडे निघाल्या. पण निम्म्या वाटेवरच डफाचा आवाज आला.

घोडेबुवाला रोज दिवा लावणारा कडूबा त्यांच्या आधी पोचला होता. फुटलेली शेंदराची टरफलं त्यानं धोतराच्या सोग्यात गोळा केली होती आणि तो ढसाढसा रडत होता. "बुवानं खोळ टाकली! माह्या मायनं वाट पाहून जीव सोडला, तिले नाही दिसलं, मले दिसलं!"

देवानं अशी शेंदराची खोळ आपणहून टाकणं म्हणजे गावाचं भाग्य. खोळ वाजतगाजत पाण्यात सोडायची, आणि नवा शेंदूर चढेपर्यंत उघडा देव कुणी पाहायचा नाही. कडूबानं डोळे मिटूनच दगडावर ओलं पांढरं धोतर गुंडाळलं होतं. आत घोडा आहे हे तिथं तिघांनाच ठाऊक होतं.

"बाई, सांगा ना त्यांना," प्राची कुजबुजली. "गाई मोजायच्या राहिल्यात."

सांगायचं कसं? अश्विनीच्या पोरांनी देव सोलला, हे एकदा सुटलं तर त्या घराला गावात राहणं जड झालं असतं. आणि कडूबाचा चेहरा!

कडूबाचं लक्ष मुलांकडे गेलं. "लेकरंहो, तुमी दुपारी इकडंच खेळत होते ना? काही पाह्यलं का?"

प्रेमनं बाईंकडे पाहिलं. बाईंनी नजर खाली वळवली.

"हो," प्रेम म्हणाला. "आपोआप पडली. मोठ्ठा आवाज झाला."

"आयकलं का बे! लेकरू कशाले खोटं बोलंल?" गर्दीतला माणिकराव ओरडला आणि त्यानं प्रेमला खांद्यावर घेतलं. कुणी गुलाल लावला, कुणी खोबरं हातात कोंबलं. "अजून काय झालं रे?" "उजेड पडला," प्रेम म्हणाला. धोतराखाली हात घालून कडूबा डोळे मिटून नवा शेंदूर थापत होता. तेल ओघळत गाईंच्या जागेवरून मातीत उतरलं.

गुरुवारी चारला प्राची एकटीच आली. प्रेमला गावकऱ्यांनी बुवाच्या दर्शनाला आलेल्या सुलतानपूरच्या पाहुण्यांपुढं कालची हकिकत सांगायला नेलं होतं. आता तीत पांढरा घोडाही आला होता.

"बाई, तुम्ही का नाही बोललात?"

"प्राची, बेटा, लोकं..." बाई पदराचं टोक चुरगाळू लागल्या.

प्राचीनंच पुस्तक उघडलं. "आईनं सांगितलंय, धडा सहा. पाठ करायचे मुद्दे सांगा."

बाई सांगू लागल्या. ती प्रत्येक सन खाली मान घालून, सुवाच्य अक्षरात लिहून घेत होती. बाईंनी मुद्दाम एक सन चुकीचा सांगितला, निदान तिनं डोकं वर काढावं म्हणून.

तिनं तोही लिहून घेतला.