घड्याळजीची पापणी

थंडी पडली की घड्याळजीची बोटं आधी संपावर जातात. म्हणून दर हिवाळ्यात मी दुकानात हीटर लावतो, टेबलावरच, तोंडासमोर. बोटं सैल होतात, काम चालू राहतं. या वर्षी बोटं शहाण्यासारखी वागली, डोळ्यांनी दगा दिला. सारखं चुरचुरायचं आणि पाणी यायचं. भिंग लावून वाकलो की भिंगात तळं साचायचं.

पाणी जास्त झालंय तर ते सुकवायला हवं, असा मी सरळ विचार केला आणि हीटर आणखी जवळ ओढला.

व्हायचं तेच झालं. शाळेतल्या एका मास्तरीणबाईंचं घड्याळ उघडून बसलो होतो, त्यात डोळ्यातला थेंब पडला. पुसला तरी दुसऱ्या दिवशी केसासारख्या बारीक स्प्रिंगवर तांबूस डाग उमटला. शेजारच्या काउंटरवर पट्टे आणि सेल विकणाऱ्या माझ्या थोरल्या मुलानं तो पाहिला. ओरडला असता तर बरं वाटलं असतं.

"बाबा, दुरुस्ती बंद करू या," तो हळूच म्हणाला. "तुमच्या टेबलाच्या जागी काचेचं कपाट बसेल. महिनाअखेरीला सुतार माप घ्यायला येतोय."

"माप घ्यायला? अरे, मी अजून जिवंत आहे!"

"कपाटाचं माप, बाबा."

घरी हिला सांगितलं. ही म्हणाली, "सुतार येईल तेव्हा येईल. आधी डोळे दाखवा. आणि तोंड पाडून बसू नका, त्यानं काही टेबल वाचत नाही."

डोळ्यांच्या डॉक्टरीणबाईंनी खालच्या पापणीत कागदाची पट्टी अडकवली, थोडा वेळ ठेवली आणि काढून पाहिली. "आजोबा, डोळे कोरडे पडलेत."

"कोरडे? बाई, रुमाल पिळून दाखवू का?"

त्या हसल्या. "डोळा कोरडा पडला की चुरचुरतो आणि घाबरून भसाभस पाणी सोडतो. ते पाणी डोळ्यावर टिकत नाही, गालावरून ओघळून जातं. थंडीत हवा आधीच कोरडी. वर तुम्ही तोंडावर गरम झोत घेता. आणि काम करताना पापणी लववता की नाही?"

"मुळीच नाही," मी ऐटीत म्हणालो.

आमच्या धंद्यात तेच शिकवतात. मी शिकत होतो तेव्हा पापणी लवली की उस्ताद बोटावर चिमट्यानं टिचकी मारायचे. पापणी हलली की हात हलतो, हात हलला की स्क्रू उडतो. उभा जन्म या एका सवयीवर काढला. आता बाई म्हणतात, पापणी मिटा. पूर्ण मिटा, आणि पुन्हा पुन्हा मिटा.

बाकीचं हिनं हातात घेतलं. हीटर टेबलाखाली गेला, पायांकडे तोंड करून. हवा ओलसर राहावी म्हणून खोलीत पाण्याचं पसरट भांडं आलं. बाहेर गार वाऱ्यात निघालो की डोळ्यांवर मोठा चष्मा. रात्री मिटल्या डोळ्यांवर कोमट फडकं. बाईंनी लिहून दिलेलेच थेंब टाकायचे, औषधवाला देईल ते नाही. डोळ्याकडे बोट गेलं की ही कडाडायची, "चोळू नका!"

पापणीचं काम मात्र माझं मलाच करायचं होतं. पहिल्या दिवशी मिटली आणि स्क्रू उडाला. पुन्हा मिटली, दुसरा उडाला. थोरला लोहचुंबक घेऊन फरशीवर रांगत होता.

"बाबा, तुमचे डोळे सुधारेपर्यंत माझे गुडघे जाणार."

"शोध. अजून एक कपाटाखाली गेलाय."

चिडलो, पण सोडलं नाही. बारीक काम करताना आम्ही श्वासही रोखतो. मग ठरवलं, श्वास सोडायचा तेव्हा चिमटा खाली टेकवायचा, पापण्या पूर्ण मिटायच्या, उघडायच्या आणि मगच पुढचा श्वास. रिकाम्या टेबलावर जुने, मोडके स्क्रू घेऊन हेच करत बसलो. गिऱ्हाइकं समजायची, म्हातारा डुलक्या काढतोय. समजू देत, म्हणालो.

महिनाअखेरीला सुतार फीत घेऊन आला तेव्हा मास्तरीणबाईंच्या घड्याळात नवी स्प्रिंग बसवत होतो.

"जरा बाजूला होता का, काका?"

"नाही होत. थांबा."

श्वास. चिमटा. टेकवला, मिटले, उघडले. स्प्रिंगचं टोक खाचेत शिरत नव्हतं. पुन्हा. सुतार एका पायावरून दुसऱ्या पायावर झाला. पुन्हा. टोक शिरलं, स्क्रू आवळला, चाक थरथरलं आणि झुलायला लागलं.

थोरल्यानं माझ्या डोळ्यावरचं भिंग काढून घेतलं आणि बराच वेळ वाकून पाहिलं. मग सुताराला म्हणाला, "कपाट माझ्या काउंटरच्या वर, भिंतीला लावू. माप तिकडचं घ्या."

डोळे अजून चुरचुरत होते. डॉक्टरीणबाईंनी सांगितलंच होतं, हिवाळाभर सांभाळावं लागेल. थेंब टाकले, क्षणभर मिटून बसलो आणि पुढचं घड्याळ उघडलं.