गल्ल्याखालचं वेटोळं

बेकरी उघडली तेव्हा दारात रांग होती. विबकेला क्षणभर बरं वाटलं. मग लक्षात आलं, की यातल्या एकालाही पाव नको आहे. न्हावी हिनरिक्स होता, फुलवाली गेशे होती, सायकलींच्या दुकानाचे मालक होते, आणि सगळ्यांना वाकून तिच्या गल्ल्याखाली बघायचं होतं.

गल्ल्याखाली तांब्याच्या तारेचं एक वेटोळं होतं आणि त्याच्या मधोमध गारगोटीचा खडा. बस्स, एवढंच. पण या वेटोळ्यामुळे हार्म्स बेकरीबद्दलच्या सगळ्या वाईट प्रतिक्रिया गावाच्या ऑनलाइन गटावरून आपोआप नाहीशा झाल्या होत्या. एन्नो, विबकेचा थोरला भाऊ, पिठाचे हात पुसत प्रत्येकाला ती हकीकत पहिल्यापासून सांगत होता. विबके पावांच्या टोपल्या लावत दात आवळून ऐकत होती.

विटनझील हे गाव तसं शहाणं. कचरा चार डब्यांत वेगळा टाकणारं, दह्याची रिकामी वाटीसुद्धा धुऊन फेकणारं. पण गटावर कुणी दुकानाला पाचातला एकच तारा दिला, की या शहाण्यांची झोप उडायची. वसंतापासून बेकरीवर एकामागून एक तक्रारी येत होत्या. पाव आतून कच्चा, बाई हसून बोलत नाहीत, केकवर माशी होती. एन्नो प्रत्येकाला तिथल्या तिथे उत्तर द्यायचा. एका आजोबांना त्याने लिहिलं, तुम्हाला दात नाहीत त्याला मी काय करू. त्यावर आणखी दहा जण तुटून पडले.

अशा वेळी लहरतज्ज्ञ फेलिंगमहाराज अवतरले. महाराज हे विबकेने मनातल्या मनात ठेवलेलं नाव. उंच माणूस, जाड्याभरड्या सुताचा सदरा, हातात तांब्याच्या दोन काड्या. काड्या समोर धरून ते दुकानभर फिरले आणि नेमक्या गल्ल्यापाशी त्या काड्या एकमेकींवर आल्या.

"फरशीखाली पाण्याची शीर आहे," महाराज म्हणाले. "तिच्यावरून इंटरनेटची तार गेली आहे. गिऱ्हाईक पैसे द्यायला इथे उभं राहतं आणि इथेच त्याच्या मनात कडवटपणा शिरतो. त्या बिचाऱ्याचा काय दोष?"

विबकेने विचारलं, की मी तर दिवसभर इथेच उभी असते, मग माझ्यात कसा नाही शिरला?

"तुमच्यात नाही असं कोण म्हणतं, बाईसाहेब?"

एन्नो खो खो हसला. ते हसणं तिला फार लागलं.

मग महाराजांनी गटावरच्या बेकरीच्या खात्याचा पासवर्ड मागितला. खालचं क्षेत्र तारेने जुळतं, वरचं त्यांना आतून जुळवावं लागतं म्हणे. राय धान्याच्या पावाच्या आंबवणाचं प्रमाण जो एन्नो सख्ख्या बहिणीला सांगत नाही, त्याने पासवर्ड मुकाट्याने दिला. आठवड्याभरात पान स्वच्छ झालं. गल्लीतल्या निम्म्या दुकानांनी, हिनरिक्सनेसुद्धा, महाराजांना बोलावणं धाडलं, आणि 'लहरींच्या देखभालीची' फी दरमहा सुरू झाली.

विबके सांगून सांगून थकली. तक्रारी गेल्या खऱ्या, पण गिऱ्हाईक कुठे परतलंय? संध्याकाळी टोपल्या भरलेल्याच राहतात. एन्नोचं एकच उत्तर होतं, लहरींना वेळ लागतो. शिकलेला, हिशेबी, घड्याळाच्या काट्यावर भट्टी चालवणारा माणूस, आणि तारेच्या तुकड्यापुढे त्याचं डोकं गहाण पडावं याचा तिला संताप यायचा.

तर त्या सकाळी, वेटोळ्याचं दर्शन चाललेलं असताना, योहाना टेबेन आत आली. प्राथमिक शाळेतली शिक्षिका, रोजची गिऱ्हाईक. पण महिनाभर फिरकली नव्हती. ती रांगेत थांबली नाही, सरळ काउंटरपाशी आली.

"या दुधाच्या पावांवर तुम्ही पाटी लावली आहे, तीळ नाहीत," ती म्हणाली. "माझ्या टामोला तिळाची ऍलर्जी आहे. हा पाव खाऊन त्याचे ओठ सुजले, मग गळा. रुग्णवाहिकेत सुई दिली म्हणून वाचला."

विबकेच्या हातातली टोपली हातातच राहिली. तिने कसंबसं विचारलं, की अगं, आम्हाला सांगितलं का नाहीस?

"सांगितलं की. त्याच दिवशी गटावर लिहिलं. भांडायला नाही हो, दुसऱ्या कुणाच्या पोराला होऊ नये म्हणून. दुपारपर्यंत ते गायब. पुन्हा लिहिलं, पुन्हा गायब. आणि मला निरोप, खरेदीची पावती दाखवा. कुठून दाखवू? पावती तिथे गेली."

तिने काउंटरवरच्या वाडग्याकडे बोट केलं. कायद्याने एका पावाचीही पावती छापावी लागते. गिऱ्हाईक ती हातातसुद्धा घेत नाही, वाडग्यात पडते आणि संध्याकाळी केरात जाते. बेकरीची पावती जपून ठेवणारा माणूस विटनझीलमध्ये अजून जन्माला यायचा होता.

विबकेच्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. गेल्या वर्षी हिनरिक्सच्या दुकानात कधी पाऊलही न टाकलेल्या कुणीतरी त्याची बदनामी केली, तेव्हा व्यापाऱ्यांच्या बैठकीत नियम झाला होता. दुकानदाराने 'आक्षेप' दाबला, की प्रतिक्रिया आपोआप लपेल आणि पावती दाखवल्यावरच पुन्हा दिसेल. सगळ्यांनी हात वर केले आणि नाताळच्या दिव्यांवर भांडायला लागले. नियम सगळ्यांनी केला, वाचला एकट्या फेलिंगने.

तिने हे सगळं तिथेच, सगळ्यांसमोर सांगितलं. एन्नो लालबुंद झाला. पोराचं वाईट वाटतं, तो पुटपुटला, पण वेटोळ्याचा गुण आलाय हे तर खरं ना?

"गुण?" विबकेचा आवाज चिरकला. "थांब, आत्ताच बघू."

तिने वेटोळं उपटलं आणि गेशेच्या हातात दिलं. जा, समोर तुझ्या फुलांच्या शीतपेटीत ठेवून ये. मग तिने योहानाला पुन्हा लिहायला लावलं. प्रतिक्रिया गटावर झळकली, सगळ्यांनी आपापल्या फोनवर पाहिली. भट्टीजवळ चिकटवलेल्या चिठ्ठीवरून पासवर्ड घालून विबकेने आक्षेप दाबला. प्रतिक्रिया गायब. वेटोळं तिकडे रस्त्यापलीकडे ट्युलिपांत गारठत होतं.

मग तिने पासवर्ड बदलला, वेटोळं आणून पुन्हा जागेवर ठेवलं, आणि योहानाने आणखी एकदा लिहिलं. दुपार झाली, संध्याकाळ झाली. प्रतिक्रिया जागची हलली नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी फेलिंगमहाराजांचाच फोन आला. विबकेने तो सगळ्यांना ऐकू येईल असा लावला.

"तुमचा पासवर्ड बदललाय का हो?"

"तुम्हाला कसं कळलं?"

पलीकडे घसा खाकरल्याचा आवाज आला. मग महाराज म्हणाले, "लहरींवरून."

हिनरिक्ससुद्धा हसला. एन्नो मात्र हसला नाही. तो विबकेच्या शेजारी बसून लपवलेल्या प्रतिक्रिया एकेक वाचत होता. बहुतेक साध्याच होत्या. पण त्यात एक त्याच दात नसलेल्या आजोबांची निघाली, पान स्वच्छ झाल्यानंतरची, पण टामो आजारी पडायच्या बऱ्याच आधीची. त्यांनी लिहिलं होतं, दुधाच्या पावाच्या बुडाला तीळ लागतात, नातीला देताना झाडून घ्यावे लागतात, जरा बघा.

एन्नोने ते दोनदा वाचलं. मग उठून आत गेला आणि पाव फुगायला ठेवायच्या लाकडी फळ्या उलट्या करून पाहिल्या. तिळाचे पाव आणि दुधाचे पाव त्याच फळ्यांवर ठेवले जात होते, आणि फळ्यांच्या चिरांत तीळ गच्च बसले होते. तो पिठाच्या पोत्यावर बसून चिरेतले तीळ नखाने उकरत राहिला.

त्याने पाटी काढली. सगळे आक्षेप स्वतःच्या हाताने मागे घेतले. पानावरचे तारे घसरले ते घसरले. प्रत्येक तक्रारीखाली त्याने पहिल्यांदाच धड उत्तर लिहिलं, आजोबांचीही माफी मागितली.

हिनरिक्सने विचारलं, माझं वेटोळं राहू दे का, नुकसान तर काही नाही ना? विबकेला त्याच्याच कात्रीने त्याचे केस कापावेसे वाटले. नुकसान? ती म्हणाली, अरे, ज्या तक्रारीने पोरावरचा प्रसंग टळला असता, ती तुमच्या चमत्काराने खाल्ली. तक्रार दिसेनाशी झाली म्हणून चूक नाहीशी होत नाही, ती फक्त पुढच्या गिऱ्हाइकाची वाट बघते. कुणी म्हणालं, चुकीकडे न बघताच मी तुमचं संकट घालवतो, तर त्याला एवढंच विचारा, कसं? आणि उत्तर मिळेपर्यंत हलू नका.

शनिवारी योहाना आली, टामोचा हात धरून. त्याने दुधाच्या पावाकडे बोट दाखवलं.

"नाही रे बाळा," एन्नो काउंटरवरून वाकून म्हणाला. "नव्या फळ्या यायच्या आहेत. आज तुला देण्यासारखं माझ्याकडे काही नाही."

योहानाने त्याच्याकडे पाहिलं, मग विबकेकडे. स्वतःसाठी राय धान्याचा एक पाव घेतला, आणि छापून आलेली पावती नीट घडी घालून पाकिटात ठेवली.