कॉम्प्युटरला दिलेला पंखा

"वैनी, आधी त्याचो झगो काढा," असं सत्यवान थंडीतच बोलून गेला होता. तो कॉम्प्युटर तपासायला आला होता, आणि झगा म्हणाला तो ऋतानं विणलेल्या क्रोशाच्या कव्हराला. खारेपाटणच्या लाल धुळीपासून डबा वाचावा म्हणून ती ते चालू कॉम्प्युटरवरही घालून ठेवायची. भार पडल्यावर आतलं तापमान सत्तर-ऐंशी अंश चालेल, स्क्रीनवरचा आकडा नव्वदीपुढे गेला की काम थांबवा, असंही त्यानं बजावलं. ऋतानं मान डोलावली आणि तो गेल्यावर झगा पुन्हा चढवला.

मे महिन्यात ते भोवलं. देवगडच्या एका स्टुडिओसाठी ती लग्नाचे व्हिडिओ जोडून द्यायची. मुलगी दीड वर्षाची, नवरा सुशांत दिवसभर कचेरीत. घरबसल्या मिळणारं एवढंच काम. आणि व्हिडिओ तयार होता होता कॉम्प्युटर दोनदा बंद पडला. संध्याकाळपर्यंत व्हिडिओ पोचला नाही तर पुढचं काम दुसऱ्याला, असं स्टुडिओवाल्या दीपेशनं सांगून टाकलं.

तिनं झगा काढला, वायर उपसली, डब्याची बाजू खोलून रंगाच्या ब्रशनं धूळ झाडली. आतल्या पात्यांवर गोधडीसारखा थर होता. पुन्हा काम लावलं, तरी आकडा ब्याण्णव. मग ती सासूच्या खोलीत गेली. सासूला सगळं घर अक्का म्हणे. त्यांच्या उशाशी टेबलफॅन होता.

"घेवन जा गो," अक्का म्हणाल्या. "माका वारो सोसना नाय."

आदल्याच दिवशी वीज गेली तेव्हा याच वाऱ्यासाठी त्यांनी घर डोक्यावर घेतलं होतं. ऋताला ते आठवलं नाही, किंवा आठवून घ्यायचं नव्हतं.

पंखा उघड्या डब्यासमोर लावून दुपारभर तिची नजर आकड्यावर. शहाऐंशी. एकोणऐंशी. चौऱ्याहत्तरावर येऊन तो ठरला, तेव्हा कुठे तिनं पाठ टेकली. आतल्या खोलीत मुलगी रडत होती. अक्का तिला गप का करत नाहीत, म्हणून ती वैतागूनच उठली.

अक्का डोळे अर्धे मिटून पडल्या होत्या. अंग कोरडं, तव्यासारखं.

"सारिका, शाळेतसून इलंस गो?" त्यांनी विचारलं.

सारिका त्यांची लेक. लग्न होऊन पुण्याला गेली त्याला पंधरा वर्षं झाली.

ऋतानं कळशीभर पाणी त्यांच्या अंगावर ओतलं, ओल्या लुगड्यात गुंडाळलं, मुलीला काखेत मारून रिक्षा बोलावली. दवाखान्यात ताप भरला एकशे चार. आणखी अर्धा तास गेला असता तर कठीण होतं, डॉक्टर म्हणाले. दीपेशचा फोन आला तेव्हा व्हिडिओ झाला की नाही, हे तिला सांगता येईना. सांगावंसंही वाटेना. यंत्राचा ताप तिनं मिनिटामिनिटाला पाहिला होता, आणि दहा पावलांवरच्या माणसाला हातसुद्धा लावला नव्हता.

सलाइन अर्धं उतरल्यावर अक्कांनी डोळे उघडले, नातीकडे पाहिलं. "माका काय झाला नाय. चेडवाक जेवक घाल जा."

'काय झाला नाय' ऐकलं की ऋता आता हातातलं काम टाकून उठते. भेटेल त्याला ती एकच सांगते, तुम्हालाही तेच: घरात, शेजारी कुणी म्हातारं माणूस 'माका काय नको' म्हणत आत पडून असेल, तर दारातून हाक मारून भागवू नका. आत जा. कपाळाला हात लावून बघा.